राजीचा त्रिशूळ आणि डोंबाऱ्याची दोरी



वसंत व्याख्यानमालेत शेती, इतिहास, संतवाङ्मय, आरोग्य असे विषय शोभतात. त्यांच्या पंगतीत व्हिडिओ गेमचे पान मांडलेले पाहून काही वडीलधाऱ्यांनी नाक मुरडले असेल. आणि वाढपी म्हणून उभा आहे तो हमाल-मापाऱ्यांत व जिनिंगच्या कामगारांत उमर घालवलेला एक माणूस, हे पाहून त्यांची भूकच मेली असेल. परंतु माझा हिशेब साधा आहे. ज्या वस्तूपाठी शेकडो माणसे महिन्याच्या पगारावर राबतात ती वस्तू कापड असो, साखर असो की पडद्यावरचा खेळ असो, तिच्याविषयी बोलण्याचा कामगार चळवळीला हक्क आहे. शिवाय आपल्या तेल्हारा-अकोटकडची मुले आता पुण्याला जाऊन हेच काम करू लागली आहेत. आपले पोर दिवसभर बसून घडवते तरी काय, हे आईबापांना ठाऊक असलेले बरे.

प्रथम एक घोटाळा दूर करू. 'गेम' म्हटले की गावात लोकांना मोबाईलवरची रमी आणि पैसे लावून खेळायचे प्रकार आठवतात. तो जुगार. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशाच्या अशा ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, ते योग्यच झाले. मी ज्या खेळाविषयी बोलणार आहे तो एकदा विकत घ्यावा आणि संपेपर्यंत खेळावा, अशा जातीचा आहे. कादंबरी विकत घेतो तसा. त्यात पैज नाही, बक्षीस नाही, घरदार गहाण पडण्याची भीती नाही.

या खेळांच्या नाना जाती आहेत. त्यांतील एकीला 'ॲक्शन-ॲडव्हेंचर' म्हणतात. नाव अवघड असले तरी वस्तू अवघड नाही. तिला दोन अंगे असतात, एक झुंजीचे आणि दुसरे वाटचालीचे. कल्पना करा की तुम्हाला नरनाळ्याचा गड चढायचा आहे. वाट शोधायची, बंद दरवाज्याची कळ हुडकायची, ढासळलेल्या तटावरून उडी घ्यायची, आणि मध्येच एखाद्या मोकळ्या चौकात कोणी आडवा आला तर त्याच्याशी दोन हात करायचे. हे सर्व पडद्यावरचे पात्र करते. परंतु त्याचे हातपाय तुमच्या बोटांखालच्या बटणांवर चालतात. उडी चुकली तर ती तुमची चूक, फटका बसला तर तो तुमच्या गाफीलपणाचा. पुस्तकात नायक संकटात सापडला तर आपण हळहळतो. इथे सुटण्याची वाट आपल्यालाच काढावी लागते. या कलेची सारी गंमत आणि सारी जबाबदारी यातच आहे. चांगल्या खेळात दोन्ही अंगांचा सांधा असतो: गड चढताना शिकलेली युक्ती झुंजीत कामाला येते आणि झुंजीत कमावलेले बळ पुढची चढण सोपी करते. सांधा नसला तर एकदा नुसते चालणे, एकदा नुसती मारामारी, असे दोन अर्धवट खेळ एका खोक्यात भरल्यासारखे होते.

असे खेळ आपल्या देशात फार झाले नाहीत. जे झाले त्यांतील पुष्कळसे सिनेमाची जाहिरातपत्रके होती. २००८ साली 'गजनी' चित्रपटावर हैदराबादच्या एका कंपनीने खेळ काढला; २०११ साली 'रा.वन'वर मुंबईच्या ट्राइन कंपनीने सोनीच्या प्लेस्टेशन यंत्रासाठी काढला. सिनेमा उतरला आणि खेळही विसरला गेला. त्यांच्याविषयी अधिक बोलून तुमचा वेळ घेत नाही.

२०२० साली मात्र निराळी गोष्ट घडली. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा कंपनीने 'राजी: ॲन एन्शंट एपिक' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. १८ ऑगस्टला तो निन्टेन्डोच्या स्विच यंत्रावर आला आणि १५ ऑक्टोबरला कॉम्प्युटर व इतर यंत्रांवर. मागे सिनेमा नाही, गाजलेला नट नाही. कथा स्वतंत्र, पात्रे आपली, वास्तू आपली. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स' या जागतिक समारंभात पहिल्या कृतीच्या पारितोषिकासाठी ज्या पाच खेळांची नावे निघाली त्यांत राजीचे होते. पारितोषिक 'फास्मोफोबिया' नावाच्या दुसऱ्या खेळाला गेले, तरी पुण्यातल्या मूठभर माणसांच्या कामासाठी ही मजल लहान नव्हे.

कथा थोडक्यात अशी. राजी आणि गोलू ही अनाथ बहीणभावंडे. राजी सर्कशीत कसरती करते, गोलू बाहुल्यांचा खेळ करतो. राखीपौर्णिमेच्या दिवशी असुर माणसांच्या जगावर चालून येतात आणि पोरांना उचलून नेतात. त्यांत गोलूही जातो. भावाच्या शोधात राजी निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते, पुढे विष्णूकडून धनुष्य मिळते, आणि महाबलासुर नावाच्या असुरापर्यंत तिला पोचायचे असते. तिच्या वाटेवरचे किल्ले आणि राजवाडे राजस्थानी घाटाचे आहेत. मधल्या कथाभागासाठी सावल्यांच्या बाहुल्यांची तऱ्हा वापरली आहे. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागून नाचवतात, ती पाहिली असेल त्याला ही तऱ्हा लगेच ओळखीची वाटते. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना त्या कलेसाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली.

आता या आराखड्याकडे नीट पाहा. एक डोंबाऱ्याची पोर. अंगात कसब आहे, पाठीशी कोणी नाही. हातातून सुटलेला धाकटा भाऊ. सणाच्या दिवशी, राखी बांधायच्या दिवशी. यापेक्षा सुपीक जमीन कोणाला मिळाली असेल? जगभरचे लोक ग्रीकांच्या आणि उत्तरेकडच्या देवांचे खेळ खेळत असताना आपल्या मातीतला खेळ पुढे येतो, त्याचे चित्र पाहणाऱ्याला मोहून टाकते, आणि सहा तासांच्या आत तो संपतो तेव्हा हाती काय उरते? सुंदर देखावे पाहिल्याची आठवण, आणि जेवायला बसवून मधल्या वाढपालाच पंगत उठवल्यासारखी रुखरुख.

ही रुखरुख कशाची, ते उलगडून सांगतो. कारण 'आवडला नाही' एवढे म्हणून सुटणे हे कारागिराशी वागण्याची रीत नव्हे. मालात खोट काढायची तर बोट ठेवून काढावी.

पहिली खोट झुंजीत आहे. पडद्यावरच्या माराला वजन कसे येते, हे एक शास्त्रच आहे. पडदा सेकंदाला तीस किंवा साठ चित्रे दाखवतो. फटका बसण्याच्या क्षणी कुशल कारागीर चित्र एका डोळ्याच्या पातीएवढे थांबवतात, मार खाणाऱ्याचे अंग मागे ढकलतात, योग्य आवाज देतात, हातातले यंत्र किंचित थरथरवतात. हे चारही एकत्र आले म्हणजे बोटांना वाटते की खरेच काही लागले. हमालाला विचारा: पोते पाठीवर आले हे त्याला डोळ्याने पाहावे लागत नाही. राजीचा त्रिशूळ असुरावर आदळतो तेव्हा ठिणग्या उडतात, रंग फुटतात, पण हाताला काही लागत नाही. भुशाच्या पोत्यावर काठी मारावी तसे होते. असुरांच्या जातीही थोड्याच, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या चौकानंतर आपण तेच ते करीत आहोत हे कळून चुकते. शस्त्रांची शक्ती वाढवण्याची सोय आहे, पण वाढवली काय आणि न वाढवली काय, फरक फारसा जाणवत नाही. शिवाय दृश्याचा कोन खेळाच्या कर्त्यांनी ठरवून दिलेला. आपल्याला मान वळवून पाहता येत नाही. देखावा भव्य दिसावा म्हणून कोन दूरचा घेतलेला, आणि त्यात ती पोर मुंगीएवढी. उडी किती लांब घ्यायची याचा अदमास चुकतो आणि आपली काही चूक नसताना ती दरीत पडते.

दुसरी खोट मला अधिक जाचते. राजी ही कसरत करणारी पोर आहे. खेळात ती भिंतीवर धावते, खांबाला धरून गिरकी घेते, त्या गिरकीतून असुरांवर झेप टाकते. पहिल्या प्रथम ती गिरकी पाहिली तेव्हा मला अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची आठवण झाली. १९१४ साली सुरू झालेल्या या संस्थेच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी परदेशी लोकांना आपले देशी खेळ करून दाखवले. मल्लखांबावरच्या मुलाचे अंग कसे वळते, कोणत्या क्षणी पकड सुटते आणि कोणत्या क्षणी पुन्हा बसते, हे ज्याने पाहिले आहे त्याला समजेल की त्या एका खांबाच्या जोरावर सबंध खेळ उभा करता आला असता. दोरीवरचा तोल, बांबूवरची चढण, हातावर चालणे, एकमेकांच्या खांद्यावर उभे राहणे: डोंबाऱ्याच्या पोरीची ही शस्त्रे आहेत. तिने भूक सोसून, पडून, हाडे मोडून घेऊन ती कमावलेली आहेत. आणि खेळ काय करतो? सुरुवातीलाच तिच्या हातात देवीचा त्रिशूळ देतो. तिथून पुढे खांबाची गिरकी ही तोंडीलावणे होते. जे कसब तिचे स्वतःचे ते बाजूला राहते आणि जे वरून मिळाले ते पुढे येते.

देवांनी मदत करू नये असे माझे म्हणणे नाही. आपल्या सगळ्या कथा-कीर्तनांत देव मदत करतातच. पण इथे दुर्गा आणि विष्णू वरून पाहत असतात आणि एकसारखे बोलत असतात. राजी दरवाज्याशी आली की तो दरवाजा आहे हे सांगतात. ती दुःखी झाली की ती दुःखी आहे हे सांगतात. आमच्या संघटनेतल्या एका म्हाताऱ्या हमालाने नातवाच्या शेजारी बसून घटकाभर हा खेळ पाहिला आणि शेवटी न राहवून म्हणाला, "थे देवी तिच्या मांगं सारखी कायले बोलत राह्यते? पोरीले डोये नाहीत का?" परीक्षकांनी पानेच्या पाने लिहिली असतील, पण इतके नेमके कोणी लिहिले असेल असे मला वाटत नाही.

पुराणकथांचेही तसेच. देवळांच्या आणि वाड्यांच्या भिंतींवर सुरेख चित्रे काढली आहेत. चित्रापाशी उभे राहून बटण दाबले की ती कथा आपल्याला ऐकवली जाते. महिषासुराची कथा ऐकायची, पुढे चालायचे. पुढची कथा ऐकायची, पुन्हा चालायचे. म्हणजे प्रदर्शन पाहण्यासारखे झाले. ज्या कलेचे सामर्थ्य 'तू करून पाहा' म्हणण्यात आहे, तिने 'तू ऐकून घे' म्हणावे, याला वाया घालवणे म्हणतात. मधूनमधून गोल चकत्या फिरवून चित्र जुळवायची कोडी आहेत. त्यांत बहीणभावाच्या जुन्या आठवणी उमटतात. कल्पना नामी, पण कोडे इतके सोपे की आठवण मनात मुरण्यापूर्वीच जुळून जाते. आणि गोलू? तो आरंभीच नेला जातो. त्याच्याबरोबर आपण एकही खेळ केलेला नसतो, त्याची एकही खोडी सोसलेली नसते. मग त्याच्या विरहाने बोटे कासावीस व्हावीत कशी? कथा सांगते म्हणून आपण मान डोलावतो.

शेवटाविषयी तर बोलायलाच नको. मोठ्या असुराशी गाठ पडते आणि गोष्ट कुठे वळणार असे वाटते तोच पडदा पडतो. ज्यांनी पैसे मोजले होते त्यांनी सर्वांत मोठी तक्रार याच जागी केली, आणि ती रास्त होती.

येथवर ऐकून कोणी म्हणेल की बनवणाऱ्यांना जमले नाही, विषय संपला. मला तसे म्हणवत नाही. ज्या हातांनी ती चित्रे काढली, ते दगड कोरले, तो प्रकाश पाडला, ते हात कच्चे नाहीत. मग एकाच वस्तूत चित्र पक्के आणि झुंज कच्ची, असे का व्हावे? याचे उत्तर शोधायचे तर कारखान्यात शिरावे लागते.

पडद्यावर एक साधा दरवाजा दिसतो ना, तो तयार होताना अनेक हातांतून जातो. एक जण त्याचे कागदी चित्र काढतो. दुसरा कॉम्प्युटरवर त्याचा साचा घडवतो. तिसरा लाकडाचा पोत आणि गंज चढवतो. चौथा प्रकाश ठरवतो. माणूस असेल तर त्याच्या आत हाडांचा सांगाडा बसवावा लागतो, मग त्याला चालायला शिकवावे लागते. या सगळ्याला जोडणारे आज्ञावलीचे काम निराळे, आवाजाचे निराळे, आणि शेवटी एकच उडी पाचशे वेळा मारून खोट शोधणारे तपासनीस निराळे. यांत एक मोठा भेद आहे. दरवाजा एकदा झाला की झाला. झुंज तशी होत नाही. ती करायची, परक्या माणसाच्या हाती द्यायची, त्याचे तोंड पाहायचे, मोडायची, पुन्हा करायची. हे महिनोन्महिने चालते, आणि त्या महिन्यांत पडद्यावर नवे काही दिसत नाही, पगार मात्र द्यावे लागतात. म्हणून पैसा कमी असला की झुंजीवरच पहिली गदा येते.

त्याच वर्षी, सप्टेंबर २०२० मध्ये, अमेरिकेतील सुपरजायंट कंपनीचा 'हेडीझ' हा ग्रीक देवांवरचा खेळ पुरा होऊन बाहेर आला. माणसे विसाच्या घरात, म्हणजे फार मोठा कारखाना नव्हे. पण त्यांनी डिसेंबर २०१८ पासूनच अर्धामुर्धा खेळ लोकांच्या हाती देऊन, त्यांचे ऐकून, जवळजवळ दोन वर्षे तो सुधारीत आणला होता. त्यातला मार हाताला लागतो. पूर्वीच्या खेळांनी नाव आणि पैसा मिळवून दिला होता म्हणून त्यांना ही दोन वर्षे परवडली.

राजीच्या मंडळींची परिस्थिती काय होती? २०१७ साली त्यांनी इंटरनेटवर लोकवर्गणी मागून पाहिली. ठरवलेली रक्कम जमली नाही. संस्थापकांनी पदरचे घातले. त्यांच्यातील एकीने तर घर विकले. पुढे एपिक या अमेरिकन कंपनीकडून अनुदान मिळाले, परदेशी प्रकाशक मिळाला, आणि खेळ पुरा झाला. पुरा झाला म्हणजे पैसा जिथे संपला तिथे संपला, असे मी त्या तुटक शेवटाकडे पाहून समजतो. आपल्याकडचा नाटकवाला कर्ज काढून नाटक करी, तेव्हा तिसरा अंक घाईत उरकला जाई, तसेच हे.

पण पैसा हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे आपल्या वऱ्हाडच्या माणसाला चटकन समजेल. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे डोळे लावले. १८७० साली खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला तो आपल्या सोयीसाठी नव्हे, गाठी हलवण्यासाठी. आपण पेरले, वेचले, रेचले, दाबले, गाठी बांधल्या. आणि कापड दुसऱ्यांनी विणले. पिढ्यान्‌पिढ्या गाठी बांधणाऱ्याचे हात गाठ बांधण्यात तरबेज होतात. त्याला एके दिवशी मागावर बसवून 'आता पैठणी विण' म्हटले तर दोष कोणाचा?

पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगलोर या शहरांतून गेली वीस-पंचवीस वर्षे परदेशी खेळांचे सुटे भाग तयार होऊन जात आहेत. झाडे, घोडे, वाडे, कपडे, तपासणी. हे काम वाईट आहे असे नाही. त्यावर हजारो घरे चालतात. पण खेळ कसा असावा, मार कसा बसावा, खेळणारा कुठे अडखळावा आणि कुठे हसावा, याचा निर्णय बहुधा दुसऱ्या देशात होतो. आपल्या तालुक्यातला एक मुलगा, हमालाचाच, पुण्यात अशा एका कंपनीत होता. दोन वर्षे त्याने एका परदेशी खेळासाठी रांजण, खाटा आणि दरवाजे घडवले. खेळ बाहेर आला तेव्हा शेवटी जी नावांची लांबलचक यादी सरकते ती त्याने बापाला दाखवायला लावली. नाव नव्हते. बाप म्हणाला, गाठीवर जिनचा मार्का असते, माहं नाव कधी होतं? मुलगा काही बोलला नाही. अमेरिकेत रेव्हन सॉफ्टवेअर कंपनीच्या तपासनिसांनी २०२२ साली मतदान करून युनियन केली, ही बातमी मी त्याला दाखवली. त्याने ती दोनदा वाचली आणि मोबाईल खिशात ठेवला.

सांगायचा मुद्दा असा की चित्राचा हात इथे तयार झाला, झुंजीचा झाला नाही, कारण झुंजीचे काम इथे कोणी दिलेच नाही. राजीत तो इतिहास सरळ दिसतो. जे शिकायला मिळाले ते उत्तम, जे मिळाले नाही ते कच्चे.

याला पुष्टी देणारी गोष्ट त्याच पुण्यात, त्याच वर्षी घडली. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा जुना प्रसिद्ध खेळ. अमेरिकेतील जॉर्डन मेकनर या तरुणाने तो १९८९ साली काढला. धाकट्या भावाला धावायला आणि उड्या मारायला लावून त्याने त्याचे चित्रण केले आणि त्यावरून एकेक चित्र रेखाटले. म्हणून त्या राजपुत्राच्या उडीत खऱ्या अंगाचा भार आहे. राजीची भिंतीवरची धाव त्याच घराण्यातली. पुढे यूबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या कॅनडातील माँट्रियल शाखेने २००३ साली त्याचा 'सँड्स ऑफ टाइम' हा भाग काढला आणि तो फार गाजला. यूबिसॉफ्टची पुण्यात २००८ पासून आणि मुंबईत २०१८ पासून शाखा आहे. सप्टेंबर २०२० मध्ये कंपनीने जाहीर केले की 'सँड्स ऑफ टाइम' नव्याने होणार आणि तो पुणे व मुंबईची माणसे करणार. एवढा मोठा, नावाजलेला खेळ अखेर इथल्या हातांवर सोपवला, म्हणून या धंद्यातली आपली मुले हरखून गेली होती.

नमुन्याची फीत दाखवली गेली आणि जगभर टिंगल झाली. चेहरे जुनाट, प्रकाश फिका, असे लोक म्हणाले. खेळ २१ जानेवारी २०२१ ला यायचा होता. तो १८ मार्चवर ढकलला. मग तारीखच काढून टाकली. मे २०२२ मध्ये काम पुणे-मुंबईकडून काढून माँट्रियलला दिले. तिथेही तो बाहेर पडला नाही, आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने तो रद्द केल्याचे जाहीर केले. म्हणजे हसे झाले ते पुण्याचे. परंतु ज्यांच्या घरी मूळ खेळ जन्मला होता त्यांच्या हातूनही तो साडेतीन वर्षांत पुरा झाला नाही, याविषयी तेवढे हसू कोणाला आले नाही. कामाचा माणूस या गोष्टीची नोंद ठेवतो.

आता राजीची पुढची हकीकत सांगून थांबतो. खेळ पुण्यात घडला, पण प्रथम बोलला इंग्रजीत. भारतीय उच्चारांच्या का होईना, पण इंग्रजीत. २०२२ साली सुधारलेली आवृत्ती निघाली. तिच्यात हिंदी आवाज आले, प्रकाश आणि हालचाली सुधारल्या. आमच्या म्हाताऱ्या हमालाने पाहिली ती हीच, म्हणून तर देवीचे बोलणे त्याला कळले आणि खटकले. हिंदीत ऐकताना बहीणभावाचे बोलणे जवळचे वाटते. झुंजीचा कच्चेपणा मात्र मला तिच्यातही जाणवला. असे काम वरून रंग देऊन सुधारत नाही, पायापासून उकलावे लागते.

२०२५ साली त्याच मंडळींनी 'राजी: कलियुग' या पुढील भागाची घोषणा केली आहे. पहिल्या खेळातून मिळालेले नाव त्यांच्या पाठीशी आहे. या खेपेस पाचशे वेळा मोडून पुन्हा करण्याइतका वेळ मिळाला की नाही ते खेळ हाती आल्यावर कळेल. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी पहिला भाग आधी पाहावा. पाच-सहा तासांचा आहे, साधारण कॉम्प्युटरवर चालतो, मुलांबरोबर बसून पाहण्याजोगा आहे. दुर्गेच्या देवळानंतर ती पोर खांबाला धरून पहिली गिरकी घेते, तिथे जरा थांबून तीच गिरकी चार वेळा घ्यायला सांगा. त्या वेळी देवी गप्प असते.